अकरा दिवसांच्या बाई

डॉ. चारुलता सोनटक्के यांना राग आला की त्या हळू बोलायच्या. कॉलेजात मुलं या हळू आवाजालाच घाबरायची. ओरडणाऱ्या मास्तरांचं कुणाला काही वाटत नसे, पण सोनटक्के बाईंचा आवाज खाली उतरला की मागच्या बाकावरचा उनाड पोरगाही मुकाट्यानं वही उघडायचा. २०४६ सालच्या डिसेंबरातल्या त्या सकाळी, नाशिकच्या उमजजाल संशोधन केंद्राच्या मुख्य प्रयोगशाळेत उभ्या राहून बाई इतक्या हळू बोलत होत्या, की निनाद गवारेला पुढे वाकून ऐकावं लागत होतं.

"निनाद, तुमच्या जालावर माझी चारशे बारा व्याख्यानं आहेत. गेल्या वर्षभरात त्यातलं एकही व्याख्यान तुमच्या यंत्रानं एकाही मुलाला सुचवलं नाही. खरं आहे का हे?"

"खरं आहे, बाई. मुलं आपणहून शोधून बघतात, तेवढंच."

"आणि परवाच्या बैठकीत ती सगळी काढून टाकायचा ठराव येतोय. मांडणार कोण? तर निनाद गवारे."

निनाद केंद्राचा संचालक होता, शेहेचाळीस वर्षांचा, देशविदेशात नावाजलेला. पण एके काळी याच बाईंच्या प्रयोगशाळेत त्यानं परीक्षानळ्या फोडल्या होत्या, त्यामुळे त्यांच्यासमोर त्याचे हात अजूनही आपोआप पाठीमागे जायचे.

"हो, बाई. मीच मांडणार आहे. पण आधी बसा तरी. चहा मागवू?"

"चहा नंतर. कारण आधी."

मराठीतून विज्ञान शिकणाऱ्या मुलांना उमजजाल म्हणजे घरचंच अंगण झालं होतं. काही अडलं की मूल जाल उघडायचं, आपल्याला काय वाटतं ते मोठ्यानं बोलायचं, आणि जालातलं जुळणीयंत्र त्याची गाठ नेमक्या माणसाशी घालून द्यायचं. सगळं फुकट. बावीस लाख मुलं रोज वापरत होती. ते सुरू झालं तेव्हा त्यात भरायला मजकूर होता तो बहुतेक बाईंचाच. पंचवीस वर्षांपूर्वी, शाळा बंद पडल्या होत्या त्या काळात, बाईंनी स्वयंपाकघराच्या ओट्यावर पोळ्यांच्या डब्याला फोन टेकवून ही व्याख्यानं चित्रित केली होती. मागच्या भिंतीवर एक फळा टांगला होता, आणि अधूनमधून कुकरची शिट्टीही ऐकू यायची. त्या फितींवर बाईंचा फार जीव होता. मूल नसलेल्या घरात चारशे बारा मुलं, असं त्या स्वतःच गमतीनं म्हणत.

निनादनं भिंतीवरचा मोठा पडदा उजळला. काळ्या आभाळावर हजारो ठिपके, आणि ठिपक्यांना जोडणाऱ्या बारीक रेषा.

"हा आमचा चूकनकाशा. प्रत्येक ठिपका म्हणजे मुलांची एक समजूत. हा बघा, 'सूर्य जवळ आला की उन्हाळा येतो.' एक लाख चाळीस हजार मुलं सध्या इथे उभी आहेत. आणि ही रेषा इथून निघून बरोबर उत्तराकडे जाते. काल या रेषेवरून तीनशे मुलं पलीकडे गेली."

"त्यांना कुणी समजावलं?"

"परवा जी पलीकडे गेली होती, त्यांनी."

बाईंनी भुवया उंचावल्या. निनादला हेच सांगायचं होतं, त्यामुळे त्याला हुरूप आला.

"बाई, आम्ही चाळीस हजार मुलांची पाहणी केली. एखादी गोष्ट समजल्यावर महिन्याभरानं त्यांना विचारलं, 'आधी तुला काय वाटायचं?' तर मुलं शपथेवर सांगतात, मला आधीपासून बरोबरच वाटायचं. आम्ही त्यांचाच जुना आवाज त्यांना ऐकवला तर म्हणतात, हा मी नव्हेच. न समजण्याची आठवण पुसली जाते, बाई. तिला आम्ही अडखळस्मृती म्हणतो. आणि तिचं अर्धायुष्य आहे अकरा दिवस. अकरा दिवसांनी निम्मी, बावीस दिवसांनी पाव. ज्याला आपण कुठे अडखळलो होतो तेच आठवत नाही, तो दुसऱ्याला तिथे हात कसा देणार? म्हणून यंत्र प्रत्येक मुलाला असं मूल शोधून देतं, जे नेमकं तिथेच अडखळलं होतं आणि गेल्या अकरा दिवसांत सावरलं. दोन मिनिटांत काम होतं. तज्ज्ञाला तासभर लागतो, तरी होत नाही."

बाईंनी मनात आकडे मांडले. त्यांना तोंडी हिशेब करायची खोड होती.

"मी शिकवायला लागून पंचेचाळीस वर्षं झाली. म्हणजे साधारण चौदाशे नव्वद अर्धायुष्यं. माझी अडखळस्मृती आता दशांश चिन्हानंतर साडेचारशे शून्यं दिल्यावर सुरू होत असेल."

"मी हे असं म्हणालो नसतो," निनाद खजील होऊन म्हणाला.

"मी म्हणाले ना. हिशेब बरोबर आहे." बाईंचा आवाज आता जरा वर आला होता, म्हणजे राग उतरत होता. "पण मग तुझं यंत्र? ते तर सगळ्यात मोठं तज्ज्ञ."

"मुळीच नाही. त्याला विज्ञान शिकवलंच नाही आम्ही. शिकलं असतं तर तेही तुमच्या-माझ्यासारखं निरुपयोगी झालं असतं. कोण कुठून कुठे गेलं, एवढंच त्याला कळतं. बरोबर काय, ते ज्यानं त्यानं आपापल्या पाठाच्या उत्तरसूचीत लिहिलेलं आहे. तुमच्या पाठांची सूची तुम्हीच लिहिली आहे."

बाई नकाशा न्याहाळत होत्या. खाली डाव्या कोपऱ्यात एकच ठिपका असा होता, की ज्यातून कुठलीही रेषा निघत नव्हती.

"हा कोण रे एकटा?"

"तो आमचा बेपत्ता काठ. एक मुलगी आहे, गडचिरोलीकडची, आश्रमशाळेतली. तिच्यासारखी समजूत दुसऱ्या कुणाचीच नाही, त्यामुळे तिथून पलीकडे गेलेलंही कुणी नाही. तीन आठवडे झाले, यंत्र तिच्यासाठी जोडी शोधतंय."

"पाठ कोणाचा?"

निनादनं बघितलं आणि हसू दाबलं. "तुमचाच. ज्वलन आणि हवा. जळती मेणबत्ती, वरून काचेची बरणी."

बाईंनी पदर खोचला. खरं तर त्यांच्या अंगावर पंजाबी ड्रेस होता, पण हाताची हालचाल तीच होती. "जिथे तुझी पोरं पोचत नाहीत तिथे तज्ज्ञ लागतो, निनाद. परवा बैठकीपर्यंत मी हिला पलीकडे नेते. नेलं, तर ठराव मागे घ्यायचा. नाही नेलं, तर माझी व्याख्यानं मीच माझ्या हातानं पुसीन, आणि पुन्हा शिकवायचं नाव काढणार नाही."

"बाई, एवढं कशाला..."

"कबूल?"

निनादचे हात पुन्हा पाठीमागे गेले. "कबूल."

बाईंना केंद्रात एक खोली मिळाली, एक टेबल, एक भेटपडदा आणि भिंतीवर तोच चूकनकाशा. त्याच दुपारी पडद्यावर ती मुलगी आली. दोन घट्ट वेण्या, निळा गणवेश. चित्र मधूनच थिजायचं, मग एकदम पुढे सरकायचं. रानातला मोबाईलचा मनोरा आठवड्यातून चार दिवस असाच रडतो, असं तिनं आल्या आल्या सांगून टाकलं.

"मी रेवती कुमरे जी. आठवी."

"मी सोनटक्के बाई. बघ रेवती, प्रयोग तुला माहीत आहे. थाळीत पाणी, मधे जळती मेणबत्ती, वर बरणी उपडी ठेवली. मेणबत्ती विझते आणि बरणीत पाणी चढतं. का?"

"तुमी सांगतलं ते माईत हाय जी मले. ऑक्सिजन जळून संपते, त्याची जागा रिकामी होते, तेवढं पानी चढते. हवेचा पाचवा हिस्सा."

"शाब्बास! मग अडलंय कुठे?"

"मले समजते जी. पन पानी आइकत नाई."

बाईंना हसू आलं आणि मुलगी आवडली. पण कामाला लागलं पाहिजे म्हणून त्यांनी हवेचे घटक काढले, टक्केवारी मांडली, एकवीस भाग ऑक्सिजन आणि अठ्ठ्याहत्तर भाग नायट्रोजन. तासभर इतकं सुरेख समजावलं, की बाहेरून जाणारे दोन संशोधक दारात थबकून ऐकत राहिले. रेवतीही एकाग्र होऊन ऐकत होती. शेवटी म्हणाली, "छान सांगता जी तुमी." आणि यंत्रानं तिचा ठिपका जिथल्या तिथे ठेवला.

दुसऱ्या दिवशी बाई तयारीनं आल्या. काल आपण विचारायचंच विसरलो, हे त्यांना रात्रभर टोचत होतं.

"रेवती, पाणी ऐकत नाही म्हणजे काय करतं?"

"मेनबत्ती जळत असते ना, तवा पानी काईच चढत नाई. जिथल्या तिथंच राहते. इझली का मंग चढते, एकदम. ऑक्सिजन जर जळून जळून संपत असन, तं पानी जळतानाच चढाले पायजे का नाई? हळूहळू?"

बाईंनी याचंही उत्तर काढलं. ऑक्सिजन जळून कार्बन डायऑक्साइड होतो, तो पाण्यात विरघळतो, मग जागा रिकामी होते. म्हणून उशीर लागतो. बोलता बोलता त्यांना स्वतःलाच ते जरा ओढूनताणून वाटलं, पण पंचेचाळीस वर्षांचा आवाज होता, तो खणखणीतच लागला.

"विरघळाले येळ लागन ना जी?" रेवती म्हणाली. "आमी सोडा-पान्यात पायलं, त्यातला वायू किती येळ निंगतच राहते. इथं तं डोळा मिटून उघडला का पानी वर. मी बारा खेप केलं. होस्टेलच्या पोरी म्हनतात, रेवती सगळ्या मेनबत्त्या संपवते, लाईट गेल्यावर आमी काय लावाव?"

बाई निरोप घेऊन उठल्या, तेव्हा त्यांचा जीव थोडाथोडा झाला होता. उद्या दुपारी बैठक. त्या घरी गेल्या, पण जेवण गेलं नाही. आपल्याला शिकवता येत नाही हे या वयात कळावं, याचं त्यांना मनापासून वाईट वाटत होतं. दुसरं काही येत असतं तर एवढं वाटलं नसतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी समजावणं सोडलं. टेबलावर हात ठेवून सरळ म्हणाल्या, "बाळ, मला काही सुचत नाही आता. तूच सांग, तू काय बघितलंस ते. पहिल्यापासून."

रेवती चपापली. शिकवणाऱ्या माणसानं, त्यात एवढ्या मोठ्या बाईंनी असं म्हटलेलं तिनं ऐकलं नव्हतं. मग तिनं खालून एक थाळी उचलून दाखवली, लोणच्याची रिकामी बरणी दाखवली.

"पान्यात हळद टाकली, दिसाव म्हनून. बरणी ठेवताना मेनबत्ती मोठी जळत असन तं काठाखालून बुडबुडे निंगतात. भायेर. मंग जोत बारीक होते, इझते, आन् मंग पानी चढते. येक मेनबत्ती लावली तं दोन बोटं. तीन लावल्या तं चार बोटांच्या वर. बरणी तं तीच हाय ना जी? मंग तीन मेनबत्त्या लावल्यानं आतला ऑक्सिजन वाढला का?"

बाईंनी कागद ओढून लिहिलं: एक मेणबत्ती, दोन बोटं; तीन मेणबत्त्या, चार बोटं.

"आन् येक सांगू का? राग नाई ना येनार?" रेवती म्हणाली. "तुमच्या फितीत बी असंच होते. आमच्याइथं फीत अडकत अडकत येते, येकेक चित्र थांबते. येका चित्रात जोत हाय आन् पानी खालीच हाय. दुसऱ्या चित्रात जोत नाई आन् पानी वर हाय. पन तुमी तवा फळ्याकडे होत्या जी. तुमची पाठ दिसते."

बाईंनी स्वतःची फीत मागवली. कितीतरी वर्षांनी त्या ती बघत होत्या. ओट्यावर थाळी, थाळीत मेणबत्ती. शेहेचाळीस वर्षांच्या, काळेभोर केस असलेल्या सोनटक्के बाई बरणी ठेवतात, खालून बुडबुडे निघतात, आणि बाई "आता ती विझेपर्यंत आपण समीकरण लिहून घेऊ" असं म्हणून फळ्याकडे वळतात.

ही त्यांची जुनी सवय होती. कॉलेजात तास पस्तीस मिनिटांचा. मेणबत्तीपाशी उभं राहून वेळ दवडायचा कशाला, तेवढ्यात फळ्यावर समीकरण होतं. वळून बघावं तर पाणी चढलेलं असायचंच. वर्षानुवर्षं, शेकडो वर्गांत, त्यांनी मेणबत्तीला पाठ दाखवली होती. मुलं बघत होती म्हणावं, तर मुलं समीकरण उतरवून घेत होती. आणि जालावरची लाखो मुलं? त्यांनी फीत सलग बघितली, बाईंचा छान आवाज ऐकला, आणि प्रयोग बघून झालाय मग करायचा कशाला म्हणून कुणी मेणबत्ती पेटवलीच नाही.

बाई उठल्या. केंद्राच्या उपाहारगृहातून थाळी आणली, बरणी आणली, मेणबत्त्यांचं पाकीट आणलं. हळदही मागून घेतली. पडद्यावर रेवती, टेबलावर मेणबत्ती.

"फळ्याकडे पाहू नोका जी," रेवतीनं बजावलं.

"नाही बघत."

ज्योत बारीक झाली. पिवळं पाणी ढिम्म हललं नाही. ज्योत विझली, धुराची एक रेघ उठली, आणि पाणी झरझर बरणीत चढलं.

मग बाईंनी तीन मेणबत्त्या लावल्या. मग पुन्हा एक. मग पुन्हा तीन. एकदा त्यांनी विझलेल्या मेणबत्तीच्या बरणीला हात लावला आणि भाजल्यासारखा मागे घेतला.

"गरम!" त्या ओरडल्या. पंचेचाळीस वर्षांत प्रयोगशाळेत त्या पहिल्यांदाच ओरडल्या असतील. "रेवती, हवा गरम होते गं! ज्योतीनं हवा तापते, फुगते आणि बुडबुडे होऊन बाहेर पळते. मग ज्योत विझली की उरलेली हवा गार होते, आकसते, आणि बाहेरची हवा पाण्याला आत ढकलते. तीन मेणबत्त्या म्हणजे जास्त गरम, जास्त हवा बाहेर, म्हणून जास्त पाणी!"

"मले बी तसंच वाटत होतं जी," रेवती शांतपणे म्हणाली. "पन सूचीत चूक दाखवे."

"आणि ते समीकरण! मी स्वतः तेच लिहीत होते गं फळ्यावर. मेणाच्या एका रेणूमागे अडतीस ऑक्सिजन जातात आणि त्यांच्या बदल्यात पंचवीस कार्बन डायऑक्साइड येतात. जागा बरीचशी भरूनच निघते की! आणि सगळा ऑक्सिजन संपतही नाही, बराचसा शिल्लक असतानाच ज्योत मान टाकते. पाचवा हिस्सा कुठला आलाय!" बाई खुर्चीत बसल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. लाज वाटत होती आणि त्याहून कितीतरी जास्त आनंद होत होता. कॉलेजात असताना पहिल्यांदा एक गणित सुटलं होतं, तेव्हा असं वाटलं होतं. त्यानंतर, असं काही असतं हे त्या विसरूनच गेल्या होत्या.

निनाद आला तेव्हा टेबलभर मेण सांडलेलं होतं आणि बाईंच्या नाकाला हळद लागलेली होती. त्याच्या हातात ठरावाचा कागद होता.

"बाई, बैठकीला पंधरा मिनिटं आहेत. रेवती पलीकडे गेली का?"

"नाही गेली. मी हरले," बाई उत्साहानं म्हणाल्या. "तिला कुठे जायचंच नव्हतं. ती पलीकडच्याच काठावर बसली होती, नाव माझी भलतीकडे. उत्तरसूची चुकली आहे, निनाद. मला ती बदलायची आहे. त्याला लेखकाची सही लागते, आणि संचालकाची. ही माझी. आता तुझी कर."

निनादनं कागद खाली ठेवला. आधी बाईंकडे बघितलं, मग हळदीकडे. "बाई, तुम्ही दमलात का? हवेत एकवीस टक्के ऑक्सिजन असतो, तो जळतो, पाणी तेवढं चढतं. तुम्हीच तर शिकवलंत मला."

"हो रे, तेच तर! मला पण अगदी असंच वाटायचं," बाई म्हणाल्या, आणि खुर्ची त्याच्याजवळ ओढली. "एकवीस टक्के हा आकडा इतका सुंदर जुळतो, की पुढे बघावंसंच वाटत नाही. मीही तिथेच थांबले होते. आता एक कर. पाण्याकडे बघू नकोस. ज्योतीकडे बघ, आणि ती विझली की मला सांग. मी पाण्यावर बोट धरते." त्यांनी नवी मेणबत्ती पेटवून वर बरणी उपडी ठेवली.

ज्योत विझली. "विझली," निनाद म्हणाला.

"आत्तापर्यंत पाणी हललं नव्हतं. आता बघ."

पाणी चढलं. निनाद बघतच राहिला. मग त्यानं बरणीला हात लावला, चटका बसला, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे काही पसरलं ते बाईंनी विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यांवर फार क्वचित पाहिलं होतं. तज्ज्ञाला तासभर लागतो, तरी होत नाही, असं हाच म्हणाला होता. आता पुरती दोन मिनिटंही झाली नव्हती.

"गरम हवा," तो पुटपुटला. "बाई, म्हणजे आपण सगळे इतकी वर्षं..."

"सही कर."

त्यानं सही केली. भिंतीवरचा चूकनकाशा एकदा लुकलुकला आणि पाठाचा सगळा भाग उलटापालटा झाला. कोपऱ्यातला एकटा ठिपका बरोबर उत्तराच्या जागी जाऊन बसला. आणि जिथे आतापर्यंत बरोबर उत्तर दिमाखात उभं होतं, तिथे एक मोठा, जाडजूड, लाल ठिपका फुगला. दोन लाख शहाऐंशी हजार मुलं. सगळीच्या सगळी बाईंची फीत बघून, नाहीतर ती बघितलेल्यांकडून ऐकून तिथे पोचलेली.

जुळणीयंत्राला विज्ञान येत नव्हतं. त्याला फक्त शोधता येत होतं. या ठिपक्यावर कोण अडखळलं होतं आणि गेल्या अकरा दिवसांत इथून पलीकडे कोण गेलं, ते त्यानं शोधायला घेतलं.

"रेवतीचं नाव येईल," निनाद म्हणाला.

"कसं येईल?" बाई म्हणाल्या. "ती इथे कधी अडखळलीच नाही. तिला ते बरोबरच दिसत होतं. या पोरांना काय वाटतं, ते तिला काय ठाऊक?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. भेटपडद्यावर सकाळपासूनचं सगळं बोलणं यंत्रानं ऐकलं होतं. बाईंचं पंचेचाळीस वर्षांचं चुकीचं उत्तर, त्यांचं अडखळणं, त्यांचं ओरडणं. आणि नंतर निनादचंही. बाईंच्या समोरच्या पडद्यावर अक्षरं उमटली:

'चारुलता सोनटक्के, वय एकाहत्तर. या समजुतीतून आज सकाळी बाहेर. पुढचे अकरा दिवस सर्वांत योग्य शिक्षक. प्रतीक्षेत विद्यार्थी: १,४३,०००.' आणि खाली: 'निनाद गवारे, वय शेहेचाळीस. आज दुपारी बाहेर. प्रतीक्षेत विद्यार्थी: १,४३,०००.'

"अरे देवा," निनाद म्हणाला. "बाई, माझी बैठक!"

"बैठक उद्या घे. एक लाख त्रेचाळीस हजार पोरं तुझ्यासाठी थांबली आहेत, आणि तुझे अकरा दिवस सुरू झालेत. त्यातला एक तास तू उभा राहूनच घालवशील. बस तिकडे!"

"आणि तुमची व्याख्यानं?"

"शब्द दिलाय, पुसते. पण सावकाश, एकेक करून. आणि शिकवायचं नाव मी काढलेलं नाही, तुझ्या यंत्रानं काढलंय." बाईंनी भेटपडद्याकडे वळून विचारलं, "काय गं रेवती, माझ्या बाकीच्या फितींतलं काय काय पटलं नाही तुला?"

रेवती लाजली. मग तिनं दप्तरातून एक शंभर पानी वही काढली. "वाचू का जी? येळ हाय का तुमाले?"

"मला अकरा दिवस बिलकूल वेळ नाही. बाराव्या दिवशी सकाळी आठ वाजता मी रिकामी होते. मेणबत्त्या मी पाठवते, होस्टेलच्या पोरींचे शिव्याशाप नकोत. तू वही घेऊन बस."

आनंद बाईंना आवरत नव्हता. त्यांनी नाकावरची हळद पुसली, ती गालावर गेली, आणि त्यांनी पहिली भेट उघडली. पडद्यावर परभणीची एक मुलगी होती, सातवीतली, कपाळावर आठ्या, हातात विझलेली मेणबत्ती.

"बाई, हे जालावर अचानक चूक का दाखवतंय? ऑक्सिजन संपतो म्हणूनच पाणी चढतं ना? मला तर असंच वाटतं."

"तुला असं का वाटतं, ते मला पक्कं ठाऊक आहे."

"तुम्हाला? तुम्ही तर फितीतल्या बाई आहात." मुलीनं संशयानं बघितलं. "तुम्हाला पण कधी असं वाटायचं?"

"हो गं," बाई म्हणाल्या. "आज सकाळपर्यंत."